तळमजला आणि बारा-तेरा

भाची : सलामी चालू असताना वार केलास? मामा, अरे, सलामी चालू असताना?

मामा : केला नाही गं. पडला.

भाची : पडला म्हणजे? तलवार आहे, हातातून निसटलेला हातोडा नाही.

मामा : बोट पडलं बटणावर. समोरची तलवारीचं टोक खाली करून उभी होती आणि माझा वार सरळ तिच्या मानेवर. एका फटक्यात आडवी.

भाची : आणि मग?

मामा : मग काय. आखाड्यात वीसेक माणसं बघत होती. कुणीतरी लिहिलं, ‘छी.’ एवढंच. लगेच माझं नाव फळ्यावर गेलं. ‘तळमजला : सलामीत वार.’ आठ दिवस झाले, कुणी माझ्याशी खेळत नाही. मी समोर गेलो की पाठ फिरवतात.

भाची : फिरवणारच. नेटवरचा खेळ असला म्हणून काय झालं? बाकी काही नसलं तरी एवढं पाळतात लोक. पडलेल्याच्या अंगावर नाचायचं नाही. डोक्यावर पेनाचं चित्र दिसलं, म्हणजे समोरचा काही लिहितोय, तर मारायचं नाही. कुणाचं नेट गेलं तर तलवार खाली करून थांबायचं. आणि सलामी म्हणजे सलामी. थांब, थांब. तू नाव ‘तळमजला’ घेतलंयस?

मामा : चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. ‘गच्ची’ कुणीतरी आधीच घेतलं होतं.

भाची : आणि कीबोर्डला हे लाल काय फासलंयस?

मामा : ऑइलपेंट. चालायची चार बटणं पटकन सापडत नव्हती. डबा उरला होता घरात.

भाची : मामीला माहीत आहे?

मामा : ती रविवारी सकाळी पोहायला जाते. बारानंतर येते. तोवर मी सगळं झाकून ठेवतो.

भाची : कधीपासून चाललंय हे?

मामा : सात महिने झाले. दर रविवारी, अकराला.

भाची : अकराला. त्याच आखाड्यात?

मामा : हं.

भाची : मामा, माझ्याकडे बघ. सलामीत कुणाला मारलंस?

मामा : बारा-तेराला.

भाची : अरे देवा! बिट्टीला? पोटच्या पोरीला?

मामा : हळू बोल. खिडकी उघडी आहे.

भाची : तिला ठाऊक आहे, तळमजला म्हणजे तू?

मामा : कसं ठाऊक असणार? तिच्या लेखी मी कुणीतरी जड हाताचा म्हातारा. तुझ्या मामीशी ती फोनवर बोलते, आतल्या खोलीत, दार लावून. एकदा मामीच्या तोंडून ऐकलं, ‘बरं बाई, रविवारी अकराला नाही करत, तुझा आखाडा असतो.’ मग शोधत बसलो. सतरा आखाडे पालथे घातले. आणि एका यादीत नाव दिसलं, बारा-तेरा.

भाची : त्यावरून ओळखलंस?

मामा : पान्याचं नाव ठेवणारी दुसरी कोण असेल? सहा वर्षांची असल्यापासून माझ्या हत्यारांच्या पेटीजवळ बसायची. मी पाठमोरा असायचो. ‘बारा-तेरा दे गं’ म्हटलं की बरोबर तोच पाना हातात ठेवायची. बाकीचे पाने तिला ओळखता यायचे नाहीत, तो एकच यायचा. मग मी उगाचच तोच मागायचो.

भाची : आणि आता तिच्याकडून मार खायला दर रविवारी हजर.

मामा : एकोणतीस डाव झाले. सगळे हरलो. एकेक डाव तीन मिनिटांचा. एकदा साडेपाच मिनिटं टिकलो होतो, त्या दिवशी जेवण गेलं नाही मला. आणि डाव संपला की ती टोक दोनदा खाली करते आणि लिहिते, ‘छान खेळलात.’ ‘खेळलात’ लिहिते बघ, ‘खेळलास’ नाही. चार वर्षांत माझ्याशी तेवढंच बोलली ती.

भाची : मामा...

मामा : तोंड पाडू नकोस. मी मजेत होतो. सोमवारपासून रविवारची वाट बघायची, सराव करायचा. माणसाला काय लागतं आणखी?

भाची : मग मागच्या रविवारी काय झालं? बोट असं कसं पडलं?

मामा : ती नेहमीसारखी समोर आली. टोक खाली केलं. आणि सलामी अर्धीच ठेवून तिनं लिहिलं, ‘तळमजला, तुमचा उजवा हात दुखतो का? उजवीकडून नेहमी उशिरा येता.’

भाची : बरोबर ओळखलंन तिनं.

मामा : खांदा धरतो ना माझा. डॉक्टरला कळायला दोन फोटो लागले होते आणि हिला तलवारीवरून कळलं. मला उत्तर द्यायचं होतं गं. ‘हो, दुखतो’ एवढंच. घाईघाईत पेनाच्या बटणाऐवजी भलतंच दाबलं. तिनं माझी विचारपूस केली आणि मी तिची मान उडवली.

भाची : बरं, रडू नकोस. यावर उपाय आहे. भरपाई म्हणतात त्याला.

मामा : त्यासाठीच तर तुला बोलावलं. तू तिच्याच संघात खेळायचीस. काय करायचं असतं?

भाची : आखाड्याच्या मधोमध जायचं. तलवार जमिनीवर ठेवायची. काय चुकलं ते सगळ्यांना दिसेल असं लिहायचं, फक्त तिला नाही. मग ज्याच्याशी चुकलास त्याचे तीन वार उभ्यानं घ्यायचे. हात उचलायचा नाही, मागे सरायचं नाही. पडलास तर उठायचं आणि पुन्हा उभं राहायचं. तीन झाले की फळ्यावरचं नाव पुसलं जातं. विषय संपला.

मामा : सोपं आहे. लिही तर मग, मी सांगतो. ‘सलामीत चुकून बोट पडलं, माफी असावी.’

भाची : मी नाही लिहिणार. ज्याचं त्यानं लिहायचं असतं. आणि मामा, तेवढंच चुकलंय का तुझं?

मामा : ती खिडकी लावून घे आधी.

भाची : मी नको होतं बोलायला.

मामा : नाही, बोललीस ते बरं केलंस. या घरात त्या दिवसाचं नाव कुणी काढत नाही. मामीसुद्धा.

भाची : त्या फायनलला मी तिच्या शेजारच्या जागेवर होते, माझ्या घरून. कानात तिचा आवाज होता. हसत होती. आणि एकदम गप्प.

मामा : मी ड्यूटीवरून जेवायला आलो होतो. सकाळी एका लिफ्टमध्ये दोन माणसं अडकली होती, डोकं फिरलेलं होतं. तीन हाका मारल्या. तिनं ओ दिली नाही. कानावर ते हेडफोन. मला वाटलं, बाप हाका मारतोय आणि ही खेळण्यात दंग. भिंतीतून वायर उपटली आणि खिशात घालून परत कामावर गेलो. चार तास खिशात घेऊन फिरत होतो.

भाची : समोरची तिच्यासाठी पाच मिनिटं थांबली होती, तलवार खाली करून.

मामा : माहीत आहे. तो डाव अजून नेटवर आहे. सात महिन्यांपूर्वी पहिल्यांदा पाहिला. आमची बिट्टी जागच्या जागी थिजलेली आणि ती समोरची पोरगी तशीच उभी. बघणारी शेकडो माणसं उभी. तेव्हा मला काही कळत नव्हतं, ही सगळी का थांबलीत. मग एकेक नियम वाचत गेलो, तेव्हा कळलं. परक्या माणसांनी माझ्या पोरीसाठी पाच मिनिटं वाट बघितली, आणि मला तिच्या एका डावापुरतं थांबता आलं नाही.

भाची : तिनं कुणालाच सांगितलं नाही, मामा. संघातल्यांनी किती विचारलं. ‘लाईट गेली का? नेट गेलं का?’ ही गप्प. बापानं वायर काढली हे काय चारचौघांत सांगणार होती? त्यापेक्षा ‘पळपुटी’ म्हणवून घेतलंन. अजून म्हणतात. शेवटी हरेन या भीतीनं उठून गेली असं सगळ्यांना वाटतं. म्हणून तर मोठा संघ तिला घेत नाही. नाहीतर तिच्या हाताची पोरगी रविवारी असल्या नवशिक्यांच्या आखाड्यात कशाला आली असती?

मामा : हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, आवडतं म्हणून येते.

भाची : शिकवायला आवडतं तिला, ते खरंच. पण दुसरीकडे दार बंद आहे म्हणूनही येते.

मामा : म्हणजे मी ते लिहायला पाहिजे.

भाची : मी काही म्हटलं नाही.

मामा : लिहिलं आणि ती उठून गेली तर? तळमजला म्हणजे मी, हे कळल्यावर ती या आखाड्यात कशाला फिरकेल? मला काय मिळतं गं आठवड्यात? तीन मिनिटं. ती तीन मिनिटं माझी पोर माझ्यासमोर उभी असते. चेहरा तिचा नसतो, आवाज नसतो, पण वळते तिच्यासारखी. डावीकडे झुकते आधी, मग पुढे येते. लहानपणी जिना उतरताना तशीच उतरायची. हेही गेलं तर मी रविवारी सकाळी उठून करू काय?

भाची : मग नको लिहूस. सलामीचं तेवढं लिही, तीन वार खा, पुढच्या रविवारपासून परत ‘छान खेळलात’. तुझी तीन मिनिटं तुला राहतील. तिच्या नावाला पळपुटी राहील.

मामा : फार लागेल असं बोलतेस. थेट आईवर गेलीस.

भाची : तुझीच बहीण ती.

मामा : वाजले किती?

भाची : अकराला दोन कमी.

मामा : सर जरा. उशी दे ती, पाठीला.

(अकरा वाजतात. मामा खुर्ची पुढे ओढतो. यापुढे बराच वेळ कीबोर्डचा एकेका बोटाचा आवाज येत राहतो.)

भाची : आलीये ती. खांबाजवळ, निळ्या पट्ट्यात.

मामा : दिसली. मी मधे जातो. तलवार खाली कशी ठेवायची?

भाची : हे दाबून धर. हां. ठेवली बघ. आता वळतायत सगळे तुझ्याकडे. लिही.

मामा : ‘मी तळमजला. मागच्या रविवारी सलामीत वार केला. चुकलं.’ ळ कुठे गेला? हां. सगळे थांबलेत का गं?

भाची : तुझ्या डोक्यावर पेन आहे ना. कुणी हलत नाहीये.

मामा : कंटाळतील.

भाची : कंटाळू देत. तू लिही सावकाश.

मामा : ‘त्याहून मोठी चूक चार वर्षांपूर्वीची. फायनलमधून बारा-तेरा पळाली नव्हती. तिची वायर मी भिंतीतून उपटली. तिला विचारलं नाही. ती जिंकत होती.’

भाची : ती खरंच जिंकत होती.

मामा : मग? मी शंभरदा पाहिलाय तो डाव. ‘मी तिचा बाप आहे.’ आता कुठलं बटण?

भाची : मोठं, उजवीकडचं. मामा, नक्की ना?

मामा : आणखी विचारू नकोस. दाबलं.

भाची : गेलं. सगळ्यांना दिसलं.

मामा : कुणीच काही लिहीत का नाही?

भाची : थांब. तो बघ, पिवळ्या पट्ट्याचा. टोक खाली केलंन. तिच्या शेजारचीनं पण. अरे, सगळेच करतायत.

मामा : मला सलामी देतायत?

भाची : तुला कशाला देतील? तिला.

मामा : हो. हो, तिलाच. बरोबर आहे. ती काय करतेय? मला नीट दिसत नाहीये, चष्म्यावर पाणी आलंय.

भाची : येतेय. तुझ्याकडेच येतेय. उभा राहा नीट. हात काढ बटणांवरून.

मामा : काढले.

भाची : एक. पडलास. ऊठ.

मामा : उठलो. चांगला जोरात घातला.

भाची : दोन. बाप रे. ऊठ, मामा.

मामा : उठतोय. घाल म्हणावं, घाल. उजव्या खांद्यावर नाही मारत, पाहिलंस? दोन्ही डावीकडून घातले.

भाची : पाहिलं.

मामा : थांबली का? तलवार वर उचलून थांबलीये. तिसरा राहिलाय ना?

भाची : पेन आलं तिच्या डोक्यावर. लिहितेय.

मामा : काय?

भाची : पेन गेलं. खोडलं वाटतं. परत आलं. परत खोडलं.

मामा : लिहू दे. मी कुठे जात नाही.

भाची : आलं. वाचू?

मामा : वाच.

भाची : ‘तिसरा राखून ठेवते.’

मामा : एवढंच?

भाची : एवढंच. गेली ती, मामा. आखाड्यातून बाहेर पडली.

मामा : गेली. बरं. मला वाटलंच होतं. निदान तिचं नाव तरी... बंद कर तो पडदा. सांगितलं होतं ना तुला, जाईल म्हणून.

भाची : अरे, तुला कळलं का काय लिहिलंय तिनं? वार राखला म्हणजे भरपाई संपली नाही. तुझं नाव फळ्यावरच राहणार. पुढच्या रविवारी तुला मधोमध येऊन उभं राहावं लागेल आणि तिलाही यावं लागेल वार घालायला. ज्यानं राखला त्यानं येणं भाग असतं. आणि आली की तेव्हाही राखू शकते. कितीही वेळा.

मामा : कितीही?

भाची : त्याला मर्यादा नाही.

मामा : अकरालाच ना?

भाची : अकरालाच.

मामा : मी आपला साडेदहालाच येऊन उभा राहतो.