वहीतलं 'नाही'

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, दुभाषी म्हणून माझी सगळ्यात मोठी चूक कोणती ते. लोणावळ्यात एका हॉटेलात वंशभेदाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारावर बैठक होती. जेवताना आफ्रिकेतून आलेल्या वकीलबाईंनी मला विचारलं, "या करारात जन्मावरून होणारा भेदभावही येतो. तुमच्या गावात आहे का?"

आमचं घर पाटलाचं. मी ठसक्यात म्हणालो, "आता नाही. सगळे एका पंगतीत जेवतात."

बाईंनी वहीत 'नाही' लिहिलं.

ताटं उचलणारी सखूमावशी आमच्याच गावची. "काय इचारत्यात?" म्हणाली. मी प्रश्न सांगितला, माझं उत्तरही सांगितलं.

"पंगत एकच असती, खरं हाय," मावशी म्हणाली. "पर तुजा आजा आन माजा मालक एकाच दिशी गेले. लय पाऊस व्हता. तुमच्या मसणवट्यात पत्र्याची शेड हाय, आमच्या न्हाई. तुमी आजाला जाळून घरी गेला, आमी सांजपातुर मढं झाकून बसलो. ते बी सांग."

बाईंनी विचारलं, "काय म्हणाल्या त्या?"

मी म्हणालो, "मघाचं 'नाही' आधी खोडा, मग सांगतो."