रॅकखालची वाट अडवली त्या दुपारी

मी सुगंधा, माहेर वज्रेश्वरीकडचं, बाप देवळासमोर नारळ-फुलं इकायचा, लगीन करून टेमघरला आले, मालक कापडाच्या लूमवर व्हते, लूम बंद पडले तशी मी पूर्ण्याला गोडाऊनमधी पॅकिंगला लागले. तिथं रॅक म्हंजे काय सांगू तुमाला, लोखंडी खांबांवर पार पत्र्यापर्यंत माल, मान वर केली की पदर खाली पडतो.

तर त्या दुपारी फोर्कलिफ्टवाला इर्शाद गाडी मागं घेताना रॅकच्या एका खांबाला लागला. धाड्कन आवाज आला. त्यानं इकडंतिकडं बघितलं न् गाडी पुढं नेली. मी जाऊन बघते तर खांब बुडाशी वाकलेला, वर रंगाचे भरलेले डबे, न् खाली आमची लता, माझी शेजारीण, न् दुसऱ्या बाया खोके काढतायत. मी वरडले, लता भाईर ये, आधी भाईर ये. त्या आल्या. सुपरवायझर धावत आला, काम का थांबवलं, ट्रक लागलाय भाईर. मी खांब दाखवला. तो बोलला, सुगंधाबाई तुमचं काम पॅकिंगचं, रॅक बघायला ठेवलंय का तुमाला, आधीपासून वाकलाय तो, चला गं आत. बाया माझ्या तोंडाकडं बघायला लागल्या. मी पॅकिंगची टेप घेतली, ह्या खांबापासून त्या खांबापर्यंत वाट बांधून टाकली न् पुढं उभी राहिले. तो बोलला, उद्यापासून येऊ नका. मी बोलले, न्हाय येत, पण आज कोणी आत जाणार न्हाय.

मग त्यानं इचारलं, कोणी ठोकला सांगा, न्हायतर तुमी बनवून सांगताय. आता काय करायचं? इर्शाद समोरच, गाडीवर. त्याची बायको बाळंत झालेली, मला म्हाईत व्हतं. मी खांबावरची टेप परत दाबायला लागले. तेवढ्यात इर्शादच उतरला, साहब, मेरे से लगा है, डर के मारे नहीं बोला.

सुपरवायझरचा चेहराच बदलला. सगळ्यांना लांब उभं केलं, दुसरी गाडी आणून वरचा माल हळूहळू उतरवायला लावला. मधीच रॅक असा करकरला ना, आमी सगळ्या शटरपर्यंत पळालो. पण पडला न्हाय. शेवटचा डबा खाली येईपर्यंत लतानं माझा हात सोडला न्हाय.

दुसऱ्या दिवशी मी गेलेच. गेटवर वॉचमन बोलला, बाई तुमाला आत सोडायचं न्हाय. तिथंच बसले, उन्हात. सुपरवायझर आला, बघून पुढं गेला, मग माघारी फिरला न् बोलला, जा आत. बस, एवढंच. नवा खांब लागला. इर्शादची मातर गाडी काढून घेतली, आता तो हातानं माल चढवतो. मला वाटलं बोलणार न्हाय माझ्याशी, पण बोलतो, पोरीचा फोटो दाखवतो. तरी त्याला पाठीवर खोके घेताना बघते तवा मी मान खाली घालून टेप मारत राहते.

आजून कोण कोण चिडवतात, सुगंधाबाई, काय पडणार-बिडणार नव्हतं ते. नसेल बाबा. मला कुठं म्हाईत हाय? देवी करो न् माझंच खोटं असो, हसा मला खुशाल, हसायला सगळे हायत ना समोर.