गुण माजाच!

...नाही, पण मी म्हणतो, बाळंत झाली माझी बहीण, अंगावरचे खवले तिचे, दूध तिचं, पोर तिचं... आणि निकाल कोण देणार? आमचे आबा! तपकीर ओढत! जन्मदाते असले म्हणून काय झालं? मी तोंड उघडलं की, "तू गप रं, इंग्रजी चौथीतनं पळालेला!" पळालो नाही हो, सोडली... जाऊ दे, ते रडगाणं नंतर.

तुम्हाला सांगतो, शालूआक्काला हे लग्नाआधीपासूनचं. कोपरावर, गुडघ्यावर लाल चट्टे, वर चांदीसारखा कोंडा. लोणावळ्याचे डॉक्टर म्हणाले, सोरायसिस, एकाचं दुसऱ्याला लागत नाही. पोटात घ्यायला सोमलाचे थेंब दिले, लावायला डांबराचं मलम. मग आक्काला दिवस गेले, तसे डॉक्टर म्हणाले, "थेंब बंद. सोमल म्हणजे विष, पोटातल्या जिवाला नको. नुसतं खोबरेल लावा." आली माहेरी, टाकव्याला. आणि पाचव्या महिन्यात बघतो तर काय, कातडी अशी साफ की बघत राहावं!

झालं! आमची आत्या झुंबरबाई, आईच्या माघारी घर तिच्या ताब्यात, ती म्हणते, "माज्या करंजाच्या तेलानं गेलं. गुण माजाच!" आबा म्हणतात, "मी बहिरोबाचा अंगारा आनला, त्यो काय फुकट? गुण माजाच!" अहो, दिवस गेले की कुणाकुणाचं आपोआप कमी होतं, हे डॉक्टरांनी मला सांगितलेलं! पण चौथीतनं पळालेल्याचं कोण ऐकतंय?

पोरगा झाला, महिना सरतोय न सरतोय तोच... परत! कोपर, गुडघे, पाठ, सगळं पेटलं! आक्का खाजवते, रडते, पाजते, परत खाजवते. आता विचारा की, गुण कुणाचा? आत्या पळाली चुलीपाशी, आबा खळ्यावर!

आणि मग नवी अक्कल. आत्यानं पोर उचललं, "अंगावर पाजू नगंस, लागंल त्याला. शेळीचं दूध घालू." पोर ओसरीवर किंचाळतंय, आत आक्काची चोळी दुधानं भिजलेली! आबांचं तिसरंच, "पाजू दे की, पन ते थेंब दे दुप्पट, लय जोरात आलंया." सोमल! दुधातनं पोराच्या पोटात! आबांच्या हातातनं थेंबांची बाटली हिसकावली, खिशात घातली, कामशेतला लोणावळ्याची गाडी धरली आणि डॉक्टरांनाच घेऊन आलो.

डॉक्टर दारातच ओरडले, "पोर आधी आईकडं द्या! दुधातनं हे लागत नाही. पाजतेय तोवर थेंब बंद, मलम छातीला लावायचं नाही. खोबरेल, कोवळं ऊन, आणि झोपू द्या हो तिला!" पोर छातीशी गेलं, गप्प झालं. आबा पुटपुटले, "मंग मदी गेलतं ते कशानं?"

डॉक्टर म्हणाले, "दिवस गेल्यामुळं."

मी म्हटलं, जिंकलो! तेवढ्यात आत्यानं मांडीवर थाप मारली, "मंग औशद घावलं की! जावयाला बलवा!"

डॉक्टरांना चहाचा ठसका. आतनं आक्का ओरडली, "आत्ये, मी जलमभर खाजवीन, पन त्यास्नी बलवू नगंस!"

ऐकतंय कोण? दाजी लोणावळ्याच्या इंजिनशेडला फायरमन. त्यांना आणायला कोण निघालंय? मीच! चौथीतनं पळालेला, घरात मोकळा दुसरा आहे कोण? जाईन, म्हणेन गाडी चुकली, म्हणेन दाजींना रजा नाही... पण किती दिवस? अन् उद्या आक्काला खरंच दिवस गेले, कातडी साफ झाली, की आत्या काय म्हणेल, सांगू?

"गुण माजाच!"