निळा टाका

सिस्टर : हात कोपरापर्यंत धुतलेत ना? मग खुर्चीत मागे रेला आणि गाऊन पुढून उघडा. तुमची कातडी आणि बाळ, मध्ये काही नको.

सून : बारा दिवसांनी पहिल्यांदा बघतेय हिला. फोटोत एवढीशी वाटली नव्हती.

सासू : फोटो मीच काढले ना! तू वरच्या मजल्यावर गादीत. या काचेच्या पेटीशी रोज उभं राहून माझे पाय सुजले.

सून : मला उठायला बंदी होती, आई. रक्तदाब...

सासू : आराम कर म्हटलं होतं, तेव्हा बाईंना नोकरी सुटत नव्हती. म्हणून पोर दहा आठवडे आधी बाहेर पडली.

सिस्टर : आजी, नोकरीमुळे असं होत नाही. डॉक्टरांनी दोनदा समजावलंय तुम्हाला. नाकातली नळी सांभाळा, ताई. हं, घ्या. गाल छातीला टेकू दे.

सून : किती ऊन आहे हिचं अंग! चिमणे, मी आई. आले गं मी.

सासू : आलीस! सवडीने.

(यंत्र वाजू लागते.)

सिस्टर : श्वास घ्यायला विसरली. थांबा, तळव्याला टिचकी मारते... घेतला. चौऱ्याऐंशी. प्राणवायू नव्वदच्या वर राहायला हवा.

सून : माझ्यामुळे झालं?

सिस्टर : कमी दिवसांची बाळं विसरतात श्वास घ्यायला. पण तुमचा वास तर हिच्या ओळखीचा आहे. तुम्ही रात्रभर छातीशी ठेवलेला फडका आजी सकाळी आणून देतात, मी स्वतः तो हिच्या गालाखाली सारते. पाच मिनिटांत शांत होते. हा काय, पेटीतच आहे आजचा.

सून : हा माझा नाही.

सिस्टर : असं कसं?

सून : माझ्या प्रत्येक फडक्याच्या कोपऱ्यात निळा टाका आहे. पडल्या पडल्या दुसरं काय करणार होते मी हिच्यासाठी? सुई मागून घेतली होती... आई?

सासू : माझ्याकडे काय बघतेस? टाकून नाही दिले. आठच्या आठ पिशवीत आहेत, घडी घालून.

सिस्टर : मग हे कोणाचे?

सासू : माझे. उकळून, वाळवून, तुम्ही सांगितलं तस्से. पहिले चार दिवस ही शुद्धीवर नव्हती. जगते की नाही, तेही तुमचे डॉक्टर धड सांगेनात. उद्या पोरीला कोणाच्या अंगाशी राहायचं होतं?

सिस्टर : आणि मला सांगितलंत, आईचे आहेत म्हणून.

सासू : आईचेच. बापाच्या आईचे.

सून : म्हणजे मी श्वास घेत होते, आणि तुम्ही मला पोचवून मोकळ्या झालात. पाचव्या दिवशी तर मी शुद्धीवर आले ना?

सासू : तोवर ती माझ्या वासाला लागली होती. तुझ्या हौसेसाठी तोडू तिला?

सून : रोज सकाळी माझ्या हातातून घेऊन जात होतात. विचारायचे मी, आवडला का तिला? तुम्ही म्हणायचात, लगेच झोपली.

सासू : झोपलीच होती. खोटं कुठे बोलले?

सिस्टर : पुरे आता.

सासू : नाही पुरे. माझी पहिली मुलगी अशीच अर्धी आली होती. टॉवेलात गुंडाळून समोरून नेली, हात लावू दिला नाही मला. ही मी कोणाच्या हातात देणार नव्हते.

सून : तुमची नेली, ते मला ठाऊक आहे. म्हणून माझी घ्यायची?

सिस्टर : मी हे डॉक्टरांच्या कानावर घालणार आहे. उद्यापासून फडका मी वर येऊन घेईन, ताई. सवय बदलते, चार-पाच दिवस जातील... अरे! पुन्हा. ब्याऐंशी. ऐंशीच्या खाली गेली तर पेटीत ठेवायचं, असा हुकूम आहे. मग दोन दिवस कोणी उचलायचं नाही.

सून : नको, ठेवू नका. सिस्टर, तो फडका द्या.

सिस्टर : कोणता?

सून : पेटीतला, आईंचा. माझ्या छातीवर पसरा, तिच्या नाकाशी.

सिस्टर : अहो, पण...

सून : द्या ना!

सिस्टर : ...हं. हलू नका. सत्त्याऐंशी. नव्वद... त्र्याण्णव. मूठ सोडली बघा. झोपतेय.

सासू : बघ. मी काय सांगत होते?

सून : हो.

सासू : हो काय? तोंडाने म्हण, कोणाला ओळखते ती.

सून : तुम्हाला.

सिस्टर : आजी, तुम्ही बाहेर बसा.

सासू : बसते. माझं काम झालं.

सून : आई, थांबा. उद्यासाठीही एक लागेल. रात्रभर अंगाशी ठेवून द्या.

सासू : आता माझा चालतो वाटतं!

सून : पाया पडते तुमच्या. चार दिवस तरी द्या.

सासू : देईन. टाका मात्र घालू नकोस त्याला.