पयनी

मी सुरतच्या डिंडोलीची. म्हणजे गाव अमळनेरकडचं, पण जन्म इथला. पप्पा बमरोलीला कापडाच्या लूमवर कामाला, आई घरी साड्यांना लेस लावते, आणि मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, पाच हजार मीटर पळते. आमच्या अहिराणीत पळाली म्हणजे पयनी आणि आली म्हणजे उनी, हे आधीच सांगून ठेवते, कारण सगळी आग तिथूनच लागली.

काय सांगू तुम्हाला, बडोद्याला कॉलेजांच्या स्पर्धेत मी पहिली आले, म्हणून आईनं हौसेनं गावी आजीला फोन लावला, माय, पोर बडोदाले पयनी, पहिली उनी. आजीला ऐकू कमी, त्यात नेटवर्क तसलं, तिला ऐकू आलं तेवढं पयनी. झालं. संध्याकाळपर्यंत गावभर, की सुरतची पोर पळून गेली, आणि मामाचा फोन, कोनासंगे पयनी? मी तिथंच बसून वरणभात खात होते, आता बोला.

खुलासा झाल्यावर संपायला पाहिजे की नाही? नाही संपलं. मामा म्हणे नाव तर निघालंच ना, आता पळणं बंद. आणि पप्पा, जे मला पहाटे सायकलवर कॅनॉल रोडला सोडायचे, ते मान खाली घालून म्हणे, जाऊ दे बेटा, या रविवारी नको. रविवारी युनिव्हर्सिटीच्या टीमची निवड होती. मला असा संताप आला, अजून येतो. चूक फोनची आणि शिक्षा माझ्या पायांना?

आमचे पळण्याचे सर वेगळेच, म्हणे घर सोड, पेपर सोड, पळणं हीच जिंदगी. त्यांचाही राग आला. नाहीये सर, मला बी.कॉम. पण पाहिजे, आईजवळ बसून लेस पण लावायची आहे. आणि साडेबारा फेऱ्या पळणारीला एवढं कळतं, पहिल्याच फेरीत सगळा राग काढला तर शेवटाला पाय उचलत नाहीत. म्हणून मामाशी भांडले नाही, दात खाऊन गप्प बसले.

शनिवारी आजीलाच फोन लावला, कानाला नीट लाव म्हटलं, आणि ओरडून सांगितलं, आजी, मी एकटीच पयनी. आजी म्हणे, एकटी? मंग काय बिघडनं? दे जवाईबापूले फोन. पप्पा नुसते हो हो करत उभे. रविवारी सोडायला आले, निवड झाली. पण माझं ऐकलं नाही, सासूचं ऐकलं, हे मी विसरणार नाही.

गावात बाया अजून आजीला विचारतात, तुन्ही नात परत उनी का? आजी म्हणते, उनी ना. पहिली उनी.