सोमवारचा शब्द

घाटंजीच्या स्टँडवर यवतमाळच्या गाडीची वाट पाहत बसलो होतो. मागच्या बाकावर डबा घेतलेली पन्नाशीची बाई आणि तिची तरुण शेजारीण बोलत होत्या.

"शेवंताकाकू, सुरभीचं बाळ कसं हाये?"

"बरं हाये. सातव्या महिन्यातच झालं ना, काचेच्या पेटीत ठेवलं हाये."

"अन् तुम्हाले म्हणे डॉक्टरचं इंग्रजी समजलं?"

"एक शब्द समजला, बाई. मी चौथी शिकलेली. सुरभी बाळंतपणाले आली, तवापासून रोज मले एक शब्द शिकवे. दिवसभर कापूस वेचता वेचता मी तो घोकत राहो."

"मंग?"

"बाळ झालं, पण रडलंच नाही. मी अन् जवाई दाराबाहेर. आत डॉक्टर घाईघाईनं इंग्रजीत बोलत होते. मले काहीच समजेना. मंग डॉक्टरीण मोठ्यानं म्हणे, 'ब्रीदिंग'."

"म्हंजे?"

"श्वास घेऊन राह्यलं! सोमवारचा शब्द होता तो माहा."

"पण काकू, त्याच्या आधी 'नॉट' तर नव्हतं?"

"नाही. 'नॉट' तर मले पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. मी लई कान देऊन ऐकलं, बाई. नव्हतं."

"जवायाले सांगितलं?"

"सांगितलं. ते म्हणे, 'आई, पुन्हा म्हणा ना.' मी म्हटलं. मंग तेही म्हणू लागले. आतून रडायचा आवाज येईपर्यंत आम्ही दोघं तेवढाच शब्द म्हणत होतो."