चादरीचं दुसरं टोक

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, व्यासपीठावर बसलेले रुग्णालयाचे मान्यवर, धुलाई विभागातली सगळी मंडळी, आणि पहिल्या रांगेत मान खाली घालून बसलेले आमचे हे,

निवृत्त होणाऱ्याच्या बायकोने दोन शब्द बोलावेत, असा आग्रह झाला. दोन शब्दांत भागेल असं दिसत नाही, तेवढं सांभाळून घ्या.

रोज तेच काम करूनही हे कधी कंटाळले नाहीत, असं आत्ता बरेच जण म्हणाले. खरं आहे. मघाशी तुम्ही मला विभाग दाखवलात, तेव्हा ह्यांना आणि ह्यांच्या जोडीला काम करणाऱ्या ताईंना चादरीची घडी घालताना मी पहिल्यांदा पाहिलं. दोघं दोन टोकांना. झटकायचं, ताणायचं, पुढे येऊन कोपरे हातात द्यायचे, मागे सरायचं. तोंडातून शब्द नाही. ताई तर खिडकीबाहेर बघत होत्या. रोज तेच ते केलं की हाताला असं वळण लागतं, हा केवढा फायदा. मी बघत राहिले आणि, खोटं कशाला बोलू, माझा जळफळाट झाला.

कारण आमच्या घरीही रोज तेच ते असतं. "चहा ठेवू?" "ठेव." "साखर बरोबर आहे?" "आहे." हे इतक्या वेळा बोलून झालंय की आता आम्हाला एकमेकांचं ऐकूच येत नाही. फायदा सगळा इथे, आणि तोटा तेवढा माझ्या पदरात, हा कुठला न्याय?

घरची चादर धरली की हे चुकतात. ताई डावखुऱ्या आहेत, हे मला आज कळलं. हे त्यांच्या सवयीने वळतात, मी माझ्या, आणि चादरीला पीळ बसतो. मग म्हणतात, "राहू दे, तुला जमत नाही." मीही ते खरं धरून चालले होते.

ताई, तुमच्यावर राग नाही. म्हणजे आहे, पण तुम्ही स्वभावाने इतक्या चांगल्या, की तो नीट काढताही येत नाही.

अध्यक्ष महोदय, तुम्ही ह्यांना म्हणालात, अधूनमधून येत राहा, ताईंना दुसरा जोडीदार जमायचा नाही. ह्यांनी हसून सांगितलं, "घरी विचारून सांगतो." टाळ्याही पडल्या. घरी विचारलं असतं, तर सवयीने मी हो म्हणून गेले असते. म्हणून इथेच सांगते. हे येणार नाहीत. आता दुसरं टोक मी धरणार आहे, आणि ह्यांना माझ्या बाजूने वळायला शिकावं लागेल. कितीही दिवस लागोत.

इतक्या प्रेमाने बोलावलंत, मनापासून आभार. बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल तर पोटात घाला. उत्तर मात्र बदलणार नाही.